चौथं वाक्य

पहिली तीन वाक्यं त्याने नेहमीसारखी झरझर मारली आणि चौथ्यापाशी बोटं थांबली. थांबली म्हणजे अशी थांबली की त्याला आधी कीबोर्डचाच संशय आला. त्याने उगाच दोन-चार बटणं दाबून बघितली, अक्षरं उमटली, पुसली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. सकाळचे अकरा वाजलेले, शाखेत पंखा घरघरतोय, शेजारच्या टेबलावरची ‘नवी’ मुलगी पंचिंग मशीनने कागदांना भोकं पाडतेय (चार वर्षं झाली होती तिला नोकरीला लागून, तरी सगळे तिला नवीच म्हणायचे), खिडकीच्या कट्ट्यावर जप्त केलेली खोटी वजनं ओळीने मांडलेली, सगळं कसं रोजच्यासारखं. आणि वाक्य तरी कुठलं परकं होतं? त्याचंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानेच बसून, दोनदा खाडाखोड करून घडवलेलं. ‘त्यांच्या गैरहजेरीमुळे या कार्यालयाच्या कामकाजावर कोणताही परिणाम होणार नाही.’ बस, एवढंच. आजपर्यंत शे-दीडशे वेळा टाइप केलं असेल, कधी हात अडखळला नव्हता. फक्त आज वरती नावाच्या जागी त्याचं स्वतःचं नाव होतं.

आता ऑफिस म्हणजे वजनमापं तपासायचं ऑफिस. दुकानदाराचा किलो खरंच किलो आहे का, पंपावरचा लिटर खरंच लिटर आहे का, ते बघणारं. बघणारे इन्स्पेक्टर दिवसभर बाहेर हिंडायचे, आणि हा आपला आत, आस्थापना शाखेत, सव्वीस वर्षं एकाच खिडकीकडे पाठ करून. कोणाची रजा, कोणाची बदली, कोणाला घराच्या कर्जासाठी दाखला हवाय, कोणाच्या मुलीला शाळेसाठी, सगळी पत्रं ह्याच्या हातची. म्हणून सगळे त्याला मसुदेकाका म्हणायचे. परदेशी जाणाऱ्याला व्हिसासाठी ऑफिसचं ना हरकत पत्र लागतं, त्याचा हा पाच वाक्यांचा नमुना. हे आमच्याकडे अमुक सालापासून आहेत, ह्यांची नोकरी कायम आहे, ह्यांना अमुक ते अमुक रजा दिलीय, मग ते चौथं, आणि शेवटी, परत आल्यावर कामावर रुजू होतील. एकदा एक इन्स्पेक्टर ते वाचून भर शाखेत ओरडला होता, “ओ मसुदेकाका, मी नसलो तर काहीच अडणार नाही म्हणता? मग मला पगार कशाला देताय?” तेव्हा सगळे हसले, आणि सगळ्यांत जोरात हाच हसला, म्हणाला, “अहो, ते तसं लिहायचंच असतं, मनावर काय घेता!” आणि आता मनावर तर घेतलेलं नव्हतं त्याने, नुसतं वाक्य पुढे जात नव्हतं. बोटं कीबोर्डवर तशीच. नवी म्हणाली, “सर, चहा गार होतोय.” तो म्हणाला, “हो हो,” आणि प्यायला नाही.

खरं म्हणजे आज आनंदाचा दिवस होता. परवाची व्हिसा सेंटरची तारीख, हातात सगळे कागद, राहिलं होतं ते हे एकच पत्र. आणि हे सगळं जमवलं होतं बायकोने. ती शाळांचे गणवेश शिवते, पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली एक जाडजूड वही. अकरा दिवस, पाच देश. वहीत प्रत्येक जागेसमोर दोन रकाने आखलेले: एकावर ‘गर्दीची वेळ’, दुसऱ्यावर ‘आपली वेळ’. संग्रहालय, गर्दी अकरानंतर, आपण नऊला. पूल, गर्दी संध्याकाळी, आपण सकाळी. टूरवाल्याकडे गेले तेव्हा तिने हॉटेल कसं, जेवण कसं, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, “तिथे माणसं किती असतात?” टूरवाला पोरगेलासाच होता, हजरजबाबी, म्हणाला, “काकू, जून-जुलैत तिथे माणसावर माणूस असतो, पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जा. झाडांना नवी फुलं, मोठ्या सुट्ट्या लागलेल्या नाहीत, अख्ख्या चौकात तुम्ही, काका आणि कबुतरं.” ती हसली, आणि त्याने बघितलं तर तिने वहीत खरंच ‘कबुतरं’ असं लिहून खाली रेघ मारली होती.

कारण गर्दीचं तिच्यासाठी साधं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या दारात लोक एकदम लोटले होते, आणि ती मधे सापडली. कोणाला फार लागलं वगैरे नाही, पेपरातही आलं नाही. पण ती सांगायची, पाय जमिनीला लागत नव्हते अहो, मी उभी होते आणि पाय जमिनीला लागत नव्हते, लोकांनीच मला उचलून धरलेलं होतं आणि कोणाला माहीतच नव्हतं की त्यांनी कोणाला तरी धरलंय. एक चप्पल घेऊन घरी आली होती. त्या दिवशी दोघं जाणार होते. ह्याने दुपारी फोन केला होता, बढत्यांची यादी निघायचीय, माझ्याशिवाय होणार नाही, तू हो पुढे. त्यावर ती कधीच काही बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्याला पुष्कळदा वाटायचं. तेव्हापासून लग्नकार्य बंद, सिनेमा बंद, दुकानंसुद्धा उघडता उघडता गाठायची. आणि ह्या जानेवारीपासून तिने स्वतःच सराव सुरू केला होता. दर रविवारी सकाळी दोघं बाजारात जायचे, पहिल्या रविवारी दहा मिनिटं, दुसऱ्या वीस. ती त्याचा दंड कोपराच्या वर घट्ट पकडायची आणि चालायची, ओठ हलायचे, काय मोजायची कोण जाणे. गेल्या रविवारी पन्नास मिनिटं झाली. घरी येऊन तिने दंडावरचे चार बोटांचे वळ बघितले आणि म्हणाली, “युरोपात फुल बाह्यांचा शर्ट घाला हं, नाहीतर लोक म्हणतील बायको मारते.”

ट्रिप ठरायची ही चौथी वेळ. पहिल्यांदा ठरली आणि ऑडिट आलं. दुसऱ्यांदा बदल्यांचा हंगाम लांबला. तिसऱ्यांदा जुनं रेकॉर्ड नव्या इमारतीत हलवायचं होतं, नऊशे गठ्ठे, आणि कुठला गठ्ठा कुठे हे फक्त ह्याला माहीत. प्रत्येक वेळी तो दारात उभा राहून बूट काढता काढताच सांगायचा, “अगं, ह्या वेळी काही जमत नाही बघ. माझ्याशिवाय होणारच नाही ते.” आणि ती मशीनवरून मान न उचलता म्हणायची, “बरं.” आणि वही परत रिळांखाली. आता खरं सांगायचं तर, तो ते सांगताना त्याच्या आवाजात वाईट वाटण्याबरोबर अजून काहीतरी असायचं. कुरकुर करत सांगितलेलं कौतुक असतं ना, तसलं. त्याला ते आत्ता, ह्या अर्ध्या टाइप केलेल्या कागदासमोर बसून ऐकू आलं, स्वतःचाच आवाज, बूट काढतानाचा, आणि कानशिलं तापली.

आणि मग एकदम तो फोटो आठवला. तसा त्याचा काही संबंध नव्हता. ऑफिसला पन्नास वर्षं झाली तेव्हा सगळ्यांचा ग्रुप फोटो काढला होता. खालची नावं ह्यानेच आदल्या दिवशी टाइप करून ठेवलेली, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवून. ऐन फोटोच्या वेळी कोणीतरी म्हणालं, मोठे साहेब अजून वरतीच आहेत, हा पळाला बोलवायला, साहेब दुसऱ्या जिन्याने आधीच उतरलेले. हा खाली आला तर फोटोवाला स्टँड गुंडाळत होता. ह्याच्या जागी, मागची रांग, डावीकडून चौथा, कॅन्टीनवाला उभा राहून गेला होता, मधे फट नको म्हणून. सगळे घाईत, उन्हात, घामाघूम, आता परत कोण उभं करणार सगळ्यांना? तोही बोलला नाही. फोटो मोठा करून जिन्यात लावला, खाली नावं छापलेली, चौथा म्हणजे हा. लग्न झाल्यावर बायको पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा जिन्यात थांबली, काचेवर बोट ठेवून नावं मोजली, मग चेहरे मोजले, आणि कॅन्टीनवाल्याकडे बघून म्हणाली, “अगंबाई, किती बारीक होता तुम्ही!” चेहरे तांदळाएवढे, तिचा काय दोष. त्याने म्हणायला हवं होतं, अगं तो मी नव्हेच. दोघं हसले असते, विषय संपला असता. पण तो म्हणाला, “हो ना, तेव्हा काय.” आणि एकदा असं म्हटल्यावर मग परत कधी सांगणार? वर्षं गेली, तो फोटो तिथेच आहे, तो रोज त्याच्या समोरून चढतो. आणि गंमत म्हणजे हल्ली हल्ली त्यालाही तो माणूस थोडासा आपल्यासारखा वाटायला लागलाय.

त्याने चौथं वाक्य टाइप केलं. आधी जसं होतं तसं. वाचलं. पुसलं. परत केलं, परत पुसलं. कर्सर लुकलुकतोय, जणू विचारतोय, मग काय लिहायचं? आणि मग त्याच्या बोटांनी, देवाशपथ त्याने ठरवलं नव्हतं, बोटांनीच लिहिलं, ‘त्यांच्या गैरहजेरीत या कार्यालयाच्या कामकाजात मोठी अडचण होईल, तरीही त्यांची रजा मंजूर करण्यात येत आहे.’ लिहून झाल्यावर छातीत इतकं मोकळं वाटलं की त्याने आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना, असं. प्रिंट काढली. ठरवलं की मॅडम वाचतील, हसतील, म्हणतील, हे काय मसुदेकाका, आणि आपण म्हणू, अरेच्चा, आणि नीट करून आणू. निदान एका माणसाने तरी ते वाचलेलं असेल. मॅडमच्या खोलीत तो कागद ठेवून उभा राहिला. मॅडम फोनवर होत्या. फोन खांद्याने दाबून त्यांनी पेन उचललं, सही केली, कागद सरकवला, आणि फोनवर हात ठेवून म्हणाल्या, “तुमच्या कागदावर मी डोळे मिटून सही करते हो. जा, मजा करून या.” तो उभाच. “अजून काही?” “नाही मॅडम.” शिक्का मारला, नवीने जावक नंबर घातला, कागद पाकिटात गेला. ह्यात कुठे थांबवता आलं असतं? कुठेही. प्रत्येक ठिकाणी. पण ते आपलं घसरगुंडीवरून चाललं होतं आणि हा बाजूला उभा राहून बघत होता, आणि घरी गेल्यावर बायकोने विचारलं, “पत्र झालं?” तर तो म्हणाला, “झालं की.”

व्हिसा सेंटर म्हणजे करड्या खुर्च्यांची लांबच लांब खोली, टोकन नंबर, एसी असा की बायकोने पदर खांद्यावरून लपेटून घेतलेला. माणसं बरीच होती, पण बसलेली. बसलेल्या माणसांचं तिला काही नव्हतं. तिने वर्षभर जपलेली निळी फाइल मांडीवर घेतलेली, कागदांना रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि ती मधूनच त्याच्याकडे बघून उगाच हसायची, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी. नंबर आला. काउंटरवर टाय लावलेला एक तरुण, भराभर कागद उलटतोय, बरोबर, बरोबर, हेही बरोबर, आणि मग थांबला.

“सर, हे तुमच्या ऑफिसनेच दिलंय?”

“हो. का?”

“नाही, म्हणजे...” त्याने मोठ्याने वाचलं, अगदी स्पष्ट, शेजारच्या काउंटरवरच्यांनीही माना वळवल्या. “कामकाजात मोठी अडचण होईल. असं कोणी लिहितं का सर? ऑफिसच म्हणतंय अडचण होईल, मग रजा कशी दिली? फाइल परत येणार ही. इथे ‘परिणाम होणार नाही’ असं लागतं.”

“मग आता?” बायको म्हणाली.

“नवीन तारीख घ्यायची काकू.” त्याने स्क्रीनवर बघितलं. “सत्तावीस मे.”

“मे?” ती म्हणाली. तिने फाइलच्या कडा दोन्ही हातांनी पकडल्या, त्याचा दंड पकडायची तशा.

टायवाला भला होता. म्हणाला, “हे बघा, अर्धा तास मी टोकन थांबवून धरतो. ऑफिसमधून मेलवर नवं पत्र आलं तरी चालेल. कोणी असेल ना द्यायला?”

आणि आता हे कसं सांगायचं, पण त्या क्षणी त्याला आनंद झाला. बायको शेजारी पांढरीफटक उभी आणि ह्याला आनंद झाला. कोण देणार पत्र? नमुना त्याच्या कॉम्प्युटरवर. मॅडमची आज मीटिंग. शिक्का त्याच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली ही इथे खिशात. त्याने खिशावरून हात फिरवला, किल्ली होती. अर्ध्या तासात तिथे काहीच होणार नाही, कारण तो इथे होता. बघा, झाला ना परिणाम? आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली त्याला. बायको म्हणाली, “अहो, लावा ना फोन.” त्याने लावला.

“सर!” नवीने पहिल्या रिंगला उचलला. “झालं का काम?”

“नाही. अगं, ते पत्र... त्यात एक वाक्य...”

“हां, ते ना सर. नवीन तयार आहे.”

“काय तयार आहे?”

“तुमचं पत्र. परवा जावक नंबर घालताना मी वाचलं होतं. म्हटलं घाईत झालं असेल. तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले, पण जुन्या एका पत्रावरून दुसरं टाइप करून मॅडमची सही घेऊन ठेवली त्यावर. लागलं तर असावं म्हणून.”

“शिक्का?” तो म्हणाला. “शिक्का तर माझ्या ड्रॉवरमध्ये...”

“मॅडमकडे असते ना सर दुसरी किल्ली. पाठवते हं, दोन मिनिटं. आणि सर, इकडची अजिबात काळजी करू नका.”

घाईत झालं असेल. ती हे इतक्या हळुवारपणे म्हणाली होती, आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं, की त्याला कळलं, तिला कळलंय. दोन मिनिटंही लागली नाहीत. टायवाल्याच्या मशीनमधून कागद गरमगरम बाहेर आला, पाचही वाक्यं जागच्या जागी, समास सोडलेला, चौथं वाक्य शब्दन् शब्द त्याचंच. त्याच्यापेक्षा नीट टाइप केलेलं. “परफेक्ट,” टायवाला म्हणाला. मग बोटांचे ठसे, फोटो, हनुवटी जरा वर, सही इथे, सही इथे. तो सांगतील तसं करत गेला. बायकोच्या गालांवर रंग परत आला होता. आणि मग टायवाल्याने फाइल परत देताना आतली एक प्लास्टिकची पिशवी उचलली. “काकू, हे तिसऱ्या व्यक्तीचे कागद दिसतायत. ह्यांचं पण आहे का आज?”

“नाही नाही, ते नको,” ती पटकन म्हणाली आणि पिशवी ओढून घेतली. पण त्याने बघितला होता फोटो. मेहुणी. बायकोची थोरली बहीण, नवाकोरा पासपोर्ट साइज, डोळे विस्फारलेले, पाठी पांढरं.

बाहेर येऊन दोघं इमारतीच्या पायरीवर टेकले. समोर रस्ता, दुपारचा, रिकामा. तिने ती पिशवी फाइलमध्ये परत नीट सरकवली. मग तीच म्हणाली, फाइलकडे बघत, “ताईची उद्याची तारीख घेऊन ठेवलीय.”

“कधी घेतलीस?”

“तुमची घेतली त्याच दिवशी. टूरवाला म्हणाला, नाव बदलून मिळतं आठ दिवस आधीपर्यंत.” ती थांबली. “तीनदा झालंय, अहो. तुम्ही ऐन वेळी याल दारात, बूट काढायला लागाल. मला परत ‘बरं’ म्हणायचं नव्हतं. ताईला घेऊन दोन रविवार बाजारातपण जाऊन आले, दुपारच्या वेळी, तुम्ही झोपलेले असताना. जमलं. तिचा हात जरा घामट आहे, पण जमलं.”

तो ऐकत होता. रागावायला हवं होतं का? राग कुठे सापडेना. तिने किती बारकाईने केलं होतं सगळं, एकही कागद कमी नाही.

“आत्ता मला वाटलं,” ती म्हणाली, “की तुम्ही मुद्दामच लिहून आणलंत तसं. यायचं नाही म्हणून.”

“मुद्दामच लिहिलं.”

तिने वळून बघितलं. “म्हणजे यायचं नाहीये?”

“यायचंय गं.”

“मग?”

मग काय? त्याने तोंड उघडलं. सांगायला गेलं तर एवढंसं होतं, आणि सांगायला गेलं तर कुठून कुठून सुरुवात करावी लागणार होती. तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते, खरोखर वाट बघत होते. तो म्हणाला, “घाईत झालं असेल.”

“बरं,” ती म्हणाली. मग तिलाच ते ऐकू आलं असावं, कारण तिने लगेच मान हलवली, पर्समधून फोन काढला, उद्याची तारीख उघडली, बहिणीचं नाव, वेळ साडेदहा, आणि खाली लाल अक्षरांत ‘रद्द करा’. बोट त्याच्यावर नेऊन ती थांबली आणि एकदम उजळून म्हणाली, “मग ताईचं रद्द करते. तुम्ही येताय तर कशाला उगाच! करू ना?”

त्याला हो म्हणायचं होतं. कर, आत्ताच्या आत्ता कर, मी येतोय, मीच येतोय, एवढंच तर म्हणायचं होतं, आणि ते वाक्य कोणी त्याच्यासाठी टाइप करून ठेवलेलं नव्हतं. त्याने लाल अक्षरांकडे बघितलं. तिच्या बोटाकडे बघितलं. सुया टोचून टोचून राठ झालेलं बोट, काचेपासून केसभर वर.

“राहू दे,” तो म्हणाला. “असू दे एक. लागलं तर.”

तिचं बोट तसंच राहिलं, मग स्क्रीन आपोआप काळी झाली.